डावीकडून वर, उजवीकडून खाली

डोंबिवलीतील ज्या शाळेत मी मराठी शिकवले, तेथे अध्यापनाखेरीज आणखी एक काम कायमचे माझ्याकडे होते. वार्षिक पारितोषिक वितरणाची सर्व व्यवस्था मी पाहत असे. शाळेला सभागृह नव्हते. पटांगणात मांडव पडे, लाकडी चौथरा उभारला जाई आणि त्याला दोन्ही बाजूंनी पायऱ्या जोडल्या जात. डावीकडून वर जायचे, पाहुण्यांना नमस्कार करायचा, उजव्या हाताने बक्षीस घ्यायचे, उजवीकडून खाली उतरायचे. मुख्य नियम मात्र पायऱ्यांचा नव्हता, उठण्याचा होता. नाव पुकारले की त्याच क्षणी उठायचे. मागे वळून पाहायचे नाही, ‘मी का?’ असे शेजाऱ्याला विचारायचे नाही, पाहुण्यांना ताटकळत ठेवायचे नाही. आदल्या दिवशी मी याची तालीम घेत असे. मी पाहुणा होऊन चौथऱ्यावर उभा राहत असे आणि मुलांच्या हातांत रिकामी हवा ठेवत असे. मुले हसत, पण दुसऱ्या दिवशी एकही जण अडखळत नसे. या शिस्तीचा मला अभिमान होता. तो येथे आधीच नोंदवतो, कारण पुढची फजिती त्या अभिमानाच्याच पायांनी चालत गेली.

माझी एक विद्यार्थिनी होती. प्रार्थनेला पेटी वाजवायची. पुढे तिने संगीताचेच काम धरले. टिटवाळ्याला वडिलांच्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीला गोधड्या लावून, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या थांबण्याची वाट पाहत ती गाणी ध्वनिमुद्रित करी आणि संध्याकाळी मुलांना कीबोर्ड शिकवून चार पैसे मिळवी. वडील एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे कोकणातले. कल्याणच्या एका पतपेढीत त्यांनी तिच्या नोकरीसाठी शब्द टाकून ठेवला होता आणि तो शब्द ते रोज जेवताना तिला ऐकवत.

एका दुपारी ती माझ्या घरी आली, एक चाल गुणगुणली आणि म्हणाली, “सर, याला शब्द द्या. पण मोठे शब्द नकोत हं. मला ते गाता येत नाहीत.”

मी शाळा सुटल्यानंतरच्या रिकाम्या वर्गावर सहा कडवी लिहिली. तिने चार काढून टाकली. राहिलेल्या दोनांतला ‘निःशब्द’ हा शब्दही काढला. “सर, रिकाम्या वर्गात आवाज असतो ना. पंखा असतो. बाहेर कुणीतरी बादली ठेवतं,” ती म्हणाली. मी बादली घातली. गाणे एका लहान कंपनीने प्रसिद्ध केले, लोकांनी ऐकले आणि मराठी संगीतक्षेत्राच्या एका वार्षिक पुरस्कार सोहळ्यात त्याला दोन नामांकने मिळाली. एक तिला, नवोदित संगीतकार म्हणून. दुसरे मला, गीतकार म्हणून. तिच्या मानाने मीच अधिक नवोदित होतो, पण माझ्या वयाच्या माणसाला तसे म्हणत नाहीत.

निमंत्रण आल्यावर माझ्या पत्नीने विचारले, “म्हणजे मिळालं का तुम्हाला?”

“नाही. नामांकन म्हणजे विचारार्थ निवडलेली नावे. पाचांतून एकाला पुरस्कार मिळतो. उरलेले चौघे टाळ्या वाजवतात.”

“मग चौघांना बोलावतात कशाला?”

“टाळ्या वाजवायला.”

हा संवाद मुद्दाम देतो आहे. नामांकन या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता असे पुढे कोणास वाटू नये. अर्थ ठाऊक होता. पत्नीला तो समजावूनही सांगितला होता.

समारंभ ठाण्याला होता. रिक्षातून जाताना विद्यार्थिनी नेहमीप्रमाणे बडबडत नव्हती. मी कारण विचारले.

“बाबांनी अट घातलीय, सर. म्हणाले, एकदा, फक्त एकदा, अनोळखी माणसांसमोर माइकवरून तुझं नाव घेतलेलं मला ऐकू दे. मग पतपेढीचा विषय मी काढणार नाही. नाहीतर पहिल्या तारखेपासून रुजू व्हायचं.” तिने पदर सारखा केला. “त्यांचा मोबाइल टीव्हीला जोडून दिलाय मी. सोहळा लाइव्ह दिसतो. बाबा चहा घेऊन समोर बसलेत.”

“तुझंच नाव येईल,” मी म्हणालो. परीक्षेआधी मुलांना आम्ही जसे म्हणतो तसे. त्यामागे काही माहिती नसते.

रंगमंदिरात आम्हाला मधल्या रांगेत बसवले. माझ्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला गाण्याचा ध्वनिमुद्रक. प्रकाश असा की आपले स्वतःचे हात अनोळखी वाटावेत. तिच्या विभागाचा क्रम मध्यंतरानंतर आहे असे एका कार्यकर्त्याने सांगितले. गीतकाराचा त्याआधी होता. मोबाइल बंद ठेवावेत अशी सूचना झाली आणि मी तो बंद केला. आजूबाजूला आणखी कोणीही केला नाही, हे मागाहून लक्षात आले.

सूत्रसंचालक एक विनोदी नट होता, चपळ, लोकांना हसते ठेवणारा. त्याने गीतकाराचा विभाग जाहीर केला. एक ज्येष्ठ गायिका हातात पाकीट घेऊन येऊन उभ्या राहिल्या. पार्श्वसंगीत थांबले. आणि पहिले नाव माझे पुकारले गेले.

येथे शाळा आणि हा समारंभ यांतला फरक स्पष्ट केला पाहिजे. शाळेत ज्याला बक्षीस नाही त्याचे नाव माइकवरून कधीच घेतले जात नाही. उत्तेजनार्थ असो, तृतीय असो, जे नाव पुकारले त्याला काहीतरी द्यायचे ठरलेलेच असते. इथे मात्र ज्यांना मिळणार नाही त्यांचीही नावे, छायाचित्रांसह, आधी मोठ्याने वाचतात. मला हे डोक्याने माहीत होते, पायांना नव्हते. नाव कानावर पडले आणि मी उठलो.

विद्यार्थिनी एकदम वाकली. ती पाया पडते आहे असे मला वाटले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “तुझंही होईल.” प्रत्यक्षात ती माझ्या झब्ब्याचे टोक धरून मला खाली ओढत होती. “सर, सर, थांबा,” असे ती म्हणाल्याचे ध्वनिमुद्रक नंतर सांगत होता. मी ते ऐकले नाही. मागे वळून पाहायचे नसते. मी डावीकडचा जिना शोधला आणि सावकाश नव्हे, वेगाने वर गेलो. पाहुण्यांना ताटकळत ठेवायचे नसते.

मी जिना चढत असताना मंचामागच्या मोठ्या पडद्यावर दुसरे नाव आणि दुसऱ्याचा चेहरा आलेला होता. तिसरे नाव सूत्रसंचालकाच्या तोंडात अर्धे राहिले. मी ज्येष्ठ गायिकेला नमस्कार केला आणि उजवा हात पुढे केला.

त्या बाई गोंधळून हसल्या. त्यांनी हात हातात घेतला, कारण दुसरे काय करणार?

“अरे अरे, काका आले!” सूत्रसंचालक माइकमध्ये म्हणाला. “काका, थांबा जरा. अजून चौघं आहेत. त्यांनाही बोलावतो, मग कबड्डी लावू!”

सभागृह हसले. ते हसणे दुष्ट नव्हते, हे मी आज मान्य करतो. वर्गात एखादा मुलगा भलत्याच बाकावर जाऊन बसला की मुले हसतात, तसेच ते होते. पण तेव्हा मी त्या मुलाच्या जागी होतो आणि मला वळता येत नव्हते. माझा हात अजून पुढेच होता.

“नाही, आता आलाच आहात तर असं रिकामं नाही पाठवणार,” तो म्हणाला. “ताई, पाकीट काकांनाच फोडू द्या. काका, वाचता येतं ना?”

पुन्हा हशा. उरलेली नावे वाचून झाली. पाकीट माझ्या हातात आले.

त्या सायंकाळची सर्वांत लाजिरवाणी गोष्ट कोणाला दिसली नाही. पाकिटाची कड फाडताना क्षणभर मला वाटले की आत माझेच नाव असेल. सगळा हशा उलटेल, सूत्रसंचालक कानाला हात लावेल, आणि मी योग्य वेळी योग्य जागी आलो होतो असे ठरेल. हे मला खरोखर वाटले. मग मी आतले नाव पाहिले. ते माझे नव्हते. मी ते वाचले. प्रत्येक अक्षर सुटे, शेवटचा स्वर न गिळता, मागच्या रांगेपर्यंत जाईल असे वाचले. तेवढे एकच काम मला करता येत होते.

विजेता चकचकीत जाकीट घातलेला तरुण होता. त्याने माझ्या पायांना हात लावला. मी ट्रॉफी त्याच्या हातात दिली, टाळ्या वाजवल्या आणि उतरण्यासाठी उजवीकडे वळलो. मात्र उजवीकडे प्रेक्षागृहात उतरणारा जिना नव्हता. विंगेत काळोख होता, वायरी होत्या आणि एक उघडे दार होते. मी त्या दाराने बाहेर पडलो आणि चालत खोपटच्या एसटी स्थानकात येऊन बसलो. कल्याणकडे जाणारी गाडी लागायची होती. बाकावर एक बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने मला ओळखले नाही याचे मला केवढे बरे वाटले!

थोड्या वेळाने रिक्षातून कोणीतरी घाईने उतरले. ती माझी विद्यार्थिनी होती. एका हातात पदर, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

“सर! अहो, सापडलात एकदाचे. आधी पाणी घ्या.”

“तू इकडे कशाला आलीस? आत जा.”

“काकूंचा फोन आला. त्या घरून बघत होत्या. म्हणाल्या, ह्यांचा फोन बंद आहे, विंगेत गेले ते परतलेच नाहीत, छातीत दुखत असेल, तू बघ. मी सगळीकडे शोधलं. मेकअप रूममध्येसुद्धा. मग म्हटलं, सर खोपटलाच येणार. आमच्या सहली पण तुम्ही एसटीनेच काढायचात.” तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. “दुखतंय का?”

त्याच्या दोन वर्षे आधी माझी अँजिओप्लास्टी झाली होती. मी जाताना कोणाला काही सांगितले नव्हते. घरी एक बाई घाबरून बसली असेल, हा विचार सर्व वाटेत एकदाही माझ्या मनात आला नव्हता. माझ्या मनात फक्त मी होतो, हात पुढे करून उभा असलेला.

“काही दुखत नाही. गोळी घेतली आहे. तू जा बरं. तुझा विभाग?”

“मध्यंतरानंतर आहे. खूप वेळ आहे.” ती माझ्याशेजारी बसली. “सर, खरं सांगू? ते जिंकले ना, त्यांचं नाव आजपर्यंत कुणी एवढं स्वच्छ वाचलं नसेल.”

मी हसलो नाही. हसायला हवे होते. मी तेव्हा हसून उठलो असतो तर कदाचित आम्ही वेळेत पोहोचलो असतो. मी म्हणालो, “मला घरी जाऊ दे,” आणि ती म्हणाली, “मग मी तिथे कुणाशेजारी बसू?” आणि अशी आमची घासाघीस चालली असताना तिचा फोन वाजला. ध्वनिमुद्रक इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होते.

“अगं कुठे मेलीस तू? नाव घेतलं तुझं! दोनदा घेतलं!”

“माझं तर मध्यंतरानंतर...”

“प्रमुख पाहुण्यांना लवकर निघायचंय म्हणून पुढे घेतलं. तू जिंकलीस, बाई! कंपनीचा माणूस गेलाय ट्रॉफी घ्यायला. हसतोय बघ कसा, जशी काय चाल त्यानेच लावलीय.”

तिने फोन कानावरून खाली घेतला.

“मिळालं, सर,” ती म्हणाली. निकाल दुसऱ्याचा असावा तसे. मग म्हणाली, “बाबा बघत असतील.”

एवढेच. पतपेढीचा उल्लेख तिने केला नाही. तिच्या वडिलांनी चहाचा कप हातात धरून जे पाहिले असेल ते मला मात्र दिसत होते. मुलीचे नाव दोनदा पुकारले जाते, टाळ्या वाजतात, आणि जिन्यावर कोणी येत नाही. मग कोणीतरी सूट घातलेला माणूस येतो. ज्याला सगळ्या मुलांना तत्परतेने उठायला शिकवल्याचा अभिमान होता, त्याच्यापायी त्याची विद्यार्थिनी आपल्या नावाला उठू शकली नव्हती.

आम्ही रिक्षाने परत गेलो. दारावरचा कार्यकर्ता म्हणाला, “मॅडम, तुमचं झालं.” आत नृत्य चालू होते. तिने रंगमंचाकडे एकदा पाहिले आणि पर्स उघडून त्यात काहीतरी शोधू लागली. बराच वेळ शोधत होती.

घरी पत्नीने दार उघडले, माझा हात धरून मला खुर्चीत बसवले आणि आधी नाडी पाहिली. मग म्हणाली, “झब्बा मात्र चांगला दिसत होता तुमचा.”

“थट्टा पुरे.”

“थट्टा कसली? मला वाटलं तुम्हालाच मिळालं. मी शेजारी हाकसुद्धा मारली. मग तो मेला कबड्डी म्हणाला.” ती आत गेली आणि आतूनच म्हणाली, “पण पळून का आलात? तिथेच बसायचं होतं. चौघं बसलेच की.”

मी झब्बा काढून खुंटीला अडकवला. तोवर माझा तो प्रसंग मोबाइलवरून फिरू लागला होता. जुने विद्यार्थी लिहीत होते, ‘सर, हे तुम्हीच ना?’ त्यांतल्या एकाने लिहिले, ‘डावीकडून वर गेलेत, बरोबर.’ सकाळी इस्त्रीवाल्यानेही “काका, लय भारी” म्हणून अंगठा दाखवला.

हे सगळे सहन करण्यासारखे होते. सहन न होणारे टिटवाळ्याला होते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेथे गेलो. चूक मुलीची नाही, माझी आहे, तुमची अट तिने पुरी केली आहे असे धरा, एवढे वडिलांना सांगायचे होते. वाक्ये मी कल्याणपासून जुळवत गेलो होतो. नव्या इमारतींच्या रांगेत तिची इमारत शोधायला वेळ लागला.

दार वडिलांनीच उघडले.

“या, या, सर! अगं, सर आलेत. बसा. आधी पेढा घ्या.”

“मी एक सांगायला आलो आहे. काल जे झालं...”

“पेढा घ्या तर आधी. तोंड गोड करा, मग बोला.”

पेढा हातात घेऊन क्षमा मागता येत नाही. मी तो खाल्ला. विद्यार्थिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“काल तिचं नाव पुकारलं तेव्हा ती तिथे नव्हती,” मी म्हणालो, “ते माझ्यामुळे. मी निघून गेलो आणि ती मला शोधायला बाहेर आली. तुम्हाला ते पाहून काय वाटलं असेल...”

“कुठे पाहिलं मी?” वडील म्हणाले. “मी तर पेढे आणायला गेलेलो.”

“म्हणजे?”

“अहो, नाव घेतलं ना तिचं! पहिलंच. एवढा मोठा फोटो पडद्यावर, हा असा. मी म्हटलं, झालं काम. उठलो, चप्पल घातली, आणि थेट बाजारात. येताना खालपासून वरपर्यंत सगळ्या घरांत वाटत आलो. घरात येतो तर टीव्हीवर जाहिराती. बंद केला.”

मी शिक्षक आहे. चूक दिसली की गप्प बसणे मला जमत नाही. मी म्हणालो, “पण ते पहिल्यांदा नाव घेतलं, तेव्हा तिला मिळालं नव्हतं. ती फक्त पाच नावं होती.”

“मग कुणाला मिळालेलं?”

“कोणालाच नाही. ते पुढे जाहीर करतात.”

“असं कसं? आधी नाव घ्यायचं आणि मग नाही म्हणायचं?” ते माझ्याकडे गंभीरपणे पाहत होते. “तुम्ही शाळेत असं करायचात का?”

“नाही.”

“मग!”

“पण समजा, तिला मिळालं नसतं तर? तुम्ही तर सबंध इमारतीत पेढे वाटून बसला होता.”

“तर काय? पेढे परत मागितले असते का त्यांनी?” ते हसले. “ही पण रात्री हेच सांगत होती. मी म्हटलं, बाई, माझी अट काय होती? माइकवरून नाव. बक्षीस द्या असं मी कधी म्हटलं? माझं पतपेढीचं संपलं. मी त्या साहेबांना आताच फोन करून नाही म्हणून कळवलं.”

माझी जुळवलेली वाक्ये तशीच राहिली. या गृहस्थांनी नेमकी तीच चूक केली होती जी मी केली होती. मी उठून जिना चढलो, ते उठून जिना उतरले. पण त्यांना लाज वाटली नव्हती, खरे काय ते कळल्यावरही वाटली नाही. मी मात्र त्या चुकीची लाज झाकण्यासाठी पळालो होतो आणि तिची किंमत दुसऱ्या कोणी दिली होती.

ती मला खाली सोडायला आली. जिन्यात मी म्हणालो, “वडील राजी झाले, हे फार बरं झालं.”

“हो,” ती म्हणाली. एक मजला आम्ही उतरलो. “बाबांचं झालं, सर. पण मला तिथे उभं राहायचं होतं.”

ती रागावून बोलली नाही. क्षमा मागितली असती तर तिला लगेच “असू दे हो, सर” असे म्हणावे लागले असते, आणि ते तिच्याकडून म्हणवून घ्यायला मी धजलो नाही.

ट्रॉफी बऱ्याच दिवसांनी, कंपनीच्या कार्यालयात खेपा घातल्यावर, तिच्या हाती पडली. त्यानंतर काही आठवड्यांनी तिच्या वडिलांचा मला फोन आला. इमारतीचा वार्षिक सत्यनारायण आहे, पूजेनंतर मुलांचा गुणगौरव असतो, काकूंना घेऊन यायचे. “आणि ती ट्रॉफी मी कमिटीकडे देऊन टाकली,” ते म्हणाले. “कपाटात होती, काढून दिली. म्हटलं, द्या पुन्हा. नीट द्या.”

गाड्या बाहेर काढून पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पूजेच्या बाजूला चार फळ्या टाकून केलेला मंच होता. त्याला एकच पायरी होती, तीही समोरून. आधी दहावी-बारावीची मुले झाली. मग इमारतीतल्या सर्वांत वयस्क आजींना धरून मंचावर उभे केले आणि सचिवांनी माइकवर माझ्या विद्यार्थिनीचे नाव घेतले. एकच नाव. दुसरे कोणतेही नाही.

ती उठली. मागे वळून न पाहता, भरभर गेली, आजींना वाकून नमस्कार केला, उजव्या हाताने ट्रॉफी घेतली. मग मात्र तिने मी शिकवलेले सोडून दिले. ती खाली उतरेना. ट्रॉफी पोटाशी धरून ती नुसती उभी राहिली. टाळ्या संपल्या, तरी उभी. मागे कुणाचे तरी लहान मूल रडू लागले, सचिवांनी हातातल्या कागदाकडे पाहिले, आजी खुर्चीत बसल्या, तरी ती उभीच. शाळेत मी एखाद्या मुलाला असे कधीच उभे राहू दिले नसते. पुढचा खोळंबतो. मी खाली मान घालून बसलो होतो. पत्नीने कोपराने ढोसले, “वर बघा हो.” मी वर पाहिले. ती कोणाकडेच पाहत नव्हती. तिला तेथे जेवढे उभे राहायचे होते तेवढे ती राहिली आणि मग उतरली.

तेवढ्यात सचिवांनी माझे नाव घेतले. गाण्याचे शब्द लिहिल्याबद्दल शाल आणि नारळ. याची मला कल्पना दिली नव्हती.

मी उठलो नाही. नाव स्वच्छ ऐकले होते. पण यापुढे आणखी कोणाचे नाव येईल का, याची मी वाट पाहत होतो. मांडीवर हात ठेवून, अगदी गंभीरपणे. लोक वळून पाहू लागले. सचिवांनी पुन्हा पुकारले. मागच्या खुर्चीवरून तिचे वडील वाकले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“सर, उठा ना. इथे नाव घेतलं की द्यायचंच असतं.”

मी उठलो. उठताना मात्र मी मागे वळून पाहिले, मुलांना जन्मभर जे करू दिले नव्हते तेच, आणि विद्यार्थिनीला विचारले, “मी का?”

ती ट्रॉफी मांडीवर घेऊन बसली होती. “जा, सर,” ती म्हणाली. “समोरूनच आहे.”